नेटवाला म्हणतो १००० जीबी संपले, कॉम्प्युटर म्हणतो ४३८. कुणाचं खरं धरायचं?

पेठेतला_एडिटर:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, घरातूनच लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो, म्हणजे नेट हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, पूर्ण वाचा प्लीज. फायबर कनेक्शन आहे, १०० एमबीपीएस, महिन्याला १००० जीबीपर्यंत फुल स्पीड आणि ते संपलं की ५ एमबीपीएस. महिना १ तारखेला चालू होतो. या महिन्यात २० तारखेला सकाळी बसलो तर स्पीड एकदम पडलेला, नेटवाल्याला फोन लावला तर म्हणाला डेटा संपलाय तुमचा. आता मला एका पार्टीला ४५ जीबीचं फुटेज क्लाउडवर द्यायचं होतं, ते ५ च्या स्पीडनं वीस तास घेतंय, लाईट गेली की परत पहिल्यापासून.

मी मुळात हिशोब ठेवणारा माणूस आहे. विंडोज ११ आहे, त्यात सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या आत अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज आणि तिथं डेटा युसेज असतं, तिथं मी लिमिट लावून रिसेटची तारीख १ टाकून ठेवलीय, त्यामुळं आकडा बरोबर महिन्याचाच येतो. तिथं १ पासून १९ पर्यंत ४३८ जीबी दाखवतंय. कॉम्प्युटर केबलनंच जोडलेला आहे, वायफायवर नाही. वापरात सगळ्यात वर ब्राउझर, मग क्लाउडचं सॉफ्टवेअर, आणि सिस्टिम नावाचं कायतरी आहे त्याच्यापुढं ६० जीबी.

नेटवाल्याच्या पोर्टलवर मात्र डाउनलोड ५०३ आणि अपलोड ४९७ असे मिळून १००० दाखवतंय. आणि त्यात ११ तारखेला एका दिवसात २०४ जीबी! त्या दिवशी आम्ही सगळे घरचे जोतिबाला गेलो होतो, कॉम्प्युटर बंद होता, मग हे २०४ जीबी कुणी वापरले? घरात फोन आहेत, एक टीव्ही आहे, पण बाकीचे ५६२ जीबी फोन आणि टीव्हीवर जातील हे माझ्या डोक्याला पटत नाही. खरं मोजायचं कसं, आणि कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा, ते सांगा.

लई_स्पीड:
भावा अनलिमिटेड घेऊन टाक की, आता मोजत कोण बसतंय. मी घेतलाय, कधी बघत पण नाही.

शाहूपुरी_सर्व्हर:
@लई_स्पीड अनलिमिटेड म्हणून विकतात त्यातल्या बऱ्याच फायबर प्लॅनला खाली अटींमध्ये ३३०० जीबीची मर्यादा लिहिलेली असते, वाचून बघ एकदा. घरच्या वापराला ती पुरते हे खरं, पण मोजायची गरज संपली असं नाही. आणि एडिटरचा प्रश्न प्लॅनचा नाहीच, डेटा जातोय कुठं हा आहे. ते कळलं नाही तर मोठा प्लॅन घेऊन पण त्याच जागी येणार.

@पेठेतला_एडिटर, पहिली गोष्ट म्हणजे तुझे दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या जागी मोजलेत. विंडोज मोजतंय तुझ्या कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डातून काय गेलं-आलं ते. नेटवाला मोजतोय तुझ्या घरातून बाहेर काय गेलं-आलं ते. न्हाणीघरातल्या एका नळाखाली बादल्या मोजून दाराबाहेरच्या पाण्याच्या मीटरशी ताळा घातला तर तो जमणार कसा, तसंच आहे हे.

आता ताळा घालायचाच तर तीन गोष्टी दुरुस्त करून घे. एक, सिस्टिमपुढं जे ६० जीबी आहेत ते बहुतेक इंटरनेटचे नाहीतच. विंडोजमध्ये घरातल्या घरात दुसऱ्या कॉम्प्युटरवर किंवा नेटवर्कवरच्या हार्डडिस्कवर शेअर्ड फोल्डरमधून फाईल कॉपी केली की ती सिस्टिमच्या नावावर पडते. तू फुटेजचा बॅकअप दुसरीकडं घेत असशील तर तो हाच. ते राउटरमधल्या राउटरमध्ये फिरतं, बाहेर जातच नाही, नेटवाल्याला ते दिसत पण नाही, पण विंडोज ते धरतंय. म्हणजे कॉम्प्युटरचे खरे ३७८ राहिले.

दुसरं असं की विंडोज जीबी लिहितंय पण मोजतंय १०२४ च्या हिशोबानं, आणि नेटवाले बहुतेक १००० च्या हिशोबानं मोजतात. जीबीला येईपर्यंत हा फरक सात टक्क्यांच्या वर जातो. तुझे विंडोजचे ३७८ म्हणजे नेटवाल्याच्या भाषेत साधारण ४०६. ह्यात फसवणूक काय नाही, दोन मापं आहेत इतकंच, पण ५०० जीबी वापरलेला माणूस विंडोजवर ४६५ बघतो आणि ३५ जीबी कुठं गेले म्हणून भांडायला जातो.

तिसरं बारकं आहे. डेटा बारक्या पाकिटांतून जातो, त्या प्रत्येक पाकिटाला पत्त्याचा भाग असतो, १५०० बाईटच्या पाकिटात ४० बाईट तरी त्यातच जातात, आणि पीपीपीओई लॉगिन (युजरनेम-पासवर्ड टाकून लाईन जोडायची पद्धत) असेल तर अजून ८. कोण ते धरतं कोण धरत नाही. दोन-तीन टक्क्यांचा खेळ आहे, ह्यावर डोकं घालवू नको.

तर १००० मधले ४०६ तुझ्या कॉम्प्युटरचे, उरले ५९४. ते बाकीच्या घराचे. आता मला खटकतंय ते वेगळंच, तुझं अपलोड. घरगुती कनेक्शनला अपलोड हे डाउनलोडच्या बरोबरीनं? तू एडिटर आहेस मान्य, पण ४९७ जीबी तू वर पाठवलेस का? ते आधी सांग.

जुना_नेटवाला:
मी काही वर्षं एका नेटवाल्याकडं बिलिंग आणि सपोर्ट दोन्ही बघत होतो, आता दुसरा धंदा आहे. ११ तारखेच्या २०४ जीबीवर बोलतो कारण ही तक्रार आमच्याकडं सारखी यायची आणि माणसं खरंच हैराण व्हायची.

तुमचा राउटर लॉगिन झाला की एक सेशन चालू होतं, आणि तो बंद होईपर्यंत किंवा लाईन तुटेपर्यंत ते सेशन चालूच. पलीकडं रेडियस नावाचा सर्व्हर असतो, त्याला प्रत्येक सेशनचे आकडे कळवले जातात. मधेमधे कळवायची पण सोय असते, पण काही पोर्टल असे बनवलेत की सेशन ज्या दिवशी संपलं त्या दिवसाच्या नावावर अख्ख्या सेशनचा डेटा टाकतात. म्हणजे राउटर चार दिवस न बंद पडता चालला आणि चौथ्या दिवशी लाईट गेली, तर चार दिवसांचा वापर चौथ्या दिवशी. त्या दिवशी तुम्ही डोंगरावर असा नाहीतर घरात असा.

मला सांगा ११ च्या आधीच्या दिवसांना पोर्टलवर काय दाखवतंय?

पेठेतला_एडिटर:
@जुना_नेटवाला साहेब, आत्ताच बघितलं, ८, ९, १० रिकामे आहेत! शून्य शून्य शून्य. मी ते बघितलं होतं पण वाटलं तेवढे दिवस पोर्टल बंद असेल. आणि ११ ला दुपारी आमच्या भागात लाईट गेली होती हे शेजारच्यांनी आत्ता सांगितलं. १५ आणि १९ ला पण असाच ढीग आहे आणि त्याच्या मागचे दिवस रिकामे.

@शाहूपुरी_सर्व्हर बॅकअपचं बरोबर ओळखलंस, आतल्या खोलीत जुना कॉम्प्युटर आहे, त्याच्यावर रोज रात्री फुटेज कॉपी होतंय. अपलोडचं म्हणशील तर फार तर ९० जीबी. मोठं काम मी हार्डडिस्कवरच देतो, क्लाउडवर फक्त बाहेरगावच्या पार्ट्यांना, पुण्या-मुंबईच्या. ४९७ शक्यच नाही.

जुना_नेटवाला:
मग २०४ चं कोडं सुटलं. १९ दिवसांत १००० म्हणजे दिवसाला ५२-५३, चार दिवसांचे २१० च्या आसपास, बसतंय बरोबर. पोर्टलवर दिवसाचा आकडा बघायचा नाही, महिन्याची बेरीज बघायची. आणि नेटवाल्याकडं सेशनवार यादी मागा, सेशन कधी चालू कधी बंद आणि त्यात किती वर किती खाली. ती त्यांच्याकडं असतेच, द्यायला कंटाळा करतात पण देतात. एक सांभाळा, काही यादीत इनपुट-आउटपुट असं लिहिलेलं असतं आणि ते त्यांच्या बाजूनं असतं, इनपुट म्हणजे तुमच्याकडून त्यांच्याकडं गेलेलं, म्हणजे तुमचं अपलोड. उलटं वाचू नका.

कळंबा_ताई:
दादा, घरात कॅमेरे आहेत का? सीसीटीव्ही म्हणते मी, क्लाउडवाले. आमच्याकडं जिन्यात आणि पार्किंगला बसवले तेव्हा असंच झालं होतं, म्हणून विचारते. कॅमेरा दिवसरात्र वर पाठवत राहतो आणि तो घरातल्या कुणाच्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये मोजला जात नाही, त्यामुळं कुणाच्याच डोळ्यांत येत नाही.

हिशोब करून बघा. १ एमबीपीएस म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना, १०० च्या लाईनवर कुणाला कळत पण नाही. पण ८ बिटचा एक बाईट, म्हणजे सेकंदाला १२५ केबी, दिवसाचे ८६४०० सेकंद, की झाले रोजचे १०.८ जीबी. एका कॅमेऱ्याचे. महिन्याचे ३२४. आणि ते न झोपता चालू असतं, तुम्ही जोतिबाला गेलात तरी.

शाहूपुरी_सर्व्हर:
ताई एक नंबर पकडलंय. दोन कॅमेरे असले तर दिवसाला २१.६, १९ दिवसांचे ४१० जीबी, त्यात एडिटरचे ९० घातले की ५००. पोर्टलचं अपलोड ४९७. एवढं जुळतंय म्हटल्यावर मला तरी शंका नाही, फक्त कॅमेरे आहेत का ते कळू दे.

पेठेतला_एडिटर:
कॅमेरे आहेत. घरात नाहीत, खाली वडलांचं दुकान आहे तिथं, दोन. बसवणाऱ्यानं वरच्या नेटलाच जोडलेत, मला वाटलं ते आपले मेमरी कार्डवर रेकॉर्ड करत असतील. पण नुसतं आकडे जुळले म्हणून मी वडलांना कॅमेरा बंद करा म्हणू शकत नाही, दुकान आहे, मागं एकदा गल्लीत चोरी झालीय. पक्कं मोजून दाखवायला पाहिजे. नेटवाल्यानं दिलेला डब्बा, म्हणजे राउटर, आहे, त्याच्या पेजवर जोडलेल्या डिव्हाइसची नावं दिसतात पण कुणी किती वापरलं ते दिसत नाही. नवीन काय न घेता मोजता येईल का?

शाहूपुरी_सर्व्हर:
येईल. त्या डब्ब्याच्या पेजवर स्टेटसमध्ये जाऊन वॅनचा, म्हणजे बाहेरच्या लाईनचा, भाग शोध, बऱ्याच डब्ब्यात सेंट आणि रिसीव्हड असे बाईटचे आकडे असतात. हा घराच्या तोंडावरचा आकडा आहे, नेटवाल्याच्या मीटरच्या सगळ्यात जवळचा. रात्री सगळे झोपले की कॉम्प्युटर बंद कर, टीव्हीचा मेन स्विच बंद कर, फोन वायफायवरून काढ, एक फोन तेवढा पेज बघायला ठेव. सेंटचा आकडा लिहून घे, बरोबर एक तासानं परत लिही. दोन एमबीपीएस जात असेल तर तासाला ९०० एमबीच्या आसपास वाढायला पाहिजे. मग खाली जाऊन कॅमेऱ्यांची पिन काढ आणि अजून एक तास मोज. आकडा जवळजवळ जागेवर थांबला तर विषय संपला.

एक तासच घे, रात्रभराचं रीडिंग घेऊ नको. स्वस्त डब्ब्यात काउंटर ३२ बिटचा असतो, तो ४२९ कोटी ४९ लाख बाईटपर्यंत मोजतो आणि परत शून्यापासून चालू करतो. आठ तासांत ७.२ जीबी गेले तर तुला सकाळी २.९ च दिसतील आणि तू म्हणशील कॅमेऱ्याचा दोष नाही. तसंच डब्बा रिस्टार्ट झाला की पण काउंटर शून्य. म्हणून मधे लाईट गेली तर ते रीडिंग सोडून दे.

उद्यमनगर_वायरिंग:
हे सगळं बरोबर हाय पण कायमची जोडणी करायची असेल तर आपला स्वतःचा राउटर लावा आणि त्याच्यावर ओपनडब्ल्यूआरटी टाका, म्हणजे राउटरवर चालणारी लिनक्सची सिस्टिम. मी वर्कशॉपमध्ये तसंच केलंय, जुनाच राउटर होता, त्याच्यावर चालतंय का ते आधी त्यांच्या यादीत मॉडेल आणि व्हर्जन दोन्ही बघून घ्या, कारण एकाच मॉडेलच्या वेगळ्या व्हर्जनला चालत नाही आणि मग राउटर मरतोय. त्यात एनएलबीडब्ल्यूमॉन नावाचं पॅकेज हाय, ते प्रत्येक डिव्हाइसनं किती वर किती खाली नेलं ते महिन्यावार दाखवतंय, महिना कितव्या तारखेला चालू करायचा ते पण टाकता येतंय. पोरांचे फोन, ऑफिसचा पीसी, कॅमेरा, सगळं वेगवेगळं दिसतंय. लई भारी चीज हाय.

दोन गोष्टी बघून घ्या. हार्डवेअर ऑफलोडिंग चालू असेल तर पाकिटं मोजणाऱ्याला चुकवून सरळ पुढं जातात आणि आकडा कमी दाखवतंय, ते बंद करा. आणि हे सगळं मोजमाप मुळात रॅममध्ये ठेवतंय, लाईट गेली की पुसतंय. आमच्याकडं लाईट जातीया म्हणून मी राउटरला बारका पेनड्राइव्ह लावून डेटाबेस तिथं ठेवलाय. राउटरच्या आतल्या फ्लॅशवर सारखं लिहू देऊ नका, ती खराब होतीया. राउटरला बारका युपीएस लावला तर त्याहून चांगलं.

विद्यापीठ_रोड_मिंट:
लिनक्सवाल्यांसाठी लिहून ठेवतो, कारण शोधत शोधत इथं कोणीतरी येईलच. मी मिंट नावाचं लिनक्स वापरतो. व्हीएनस्टॅट टाका. २००२ पासून चालू असलेलं सॉफ्टवेअर आहे आणि अजून जोरात आहे. ते पाकिटं उघडून बघत नाही, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नेटवर्क कार्डाचे जे काउंटर ठेवतो तेच ठरावीक वेळानं वाचून डेटाबेसमध्ये लिहितं, त्यामुळं कॉम्प्युटरवर भार जवळजवळ नाहीच आणि रिस्टार्ट केलं तरी जुना हिशोब राहतो. कर्नलचा नुसता आकडा आयपी कमांडनं पण दिसतो, पण तो कॉम्प्युटर बंद केला की शून्य, त्याचा महिन्याच्या हिशोबाला उपयोग नाही.

व्हीएनस्टॅटला तासवार, दिवसवार, महिन्यावार विचारता येतं. त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये मंथरोटेट नावाची ओळ आहे, तिथं तुमच्या बिलाची तारीख टाका, म्हणजे महिना १ पासून न धरता तुमच्या प्लॅनप्रमाणे धरेल. आणि ते जीआयबीमध्ये, म्हणजे १०२४ च्या हिशोबानं दाखवतं आणि तसं स्पष्ट लिहितं पण, हे मला फार आवडतं, विंडोजसारखं जीबी लिहून दुसरंच माप वापरत नाही. कुठलं सॉफ्टवेअर खातंय ते मात्र ते सांगत नाही, त्याला नेटहॉग्ज लावा, ते आत्ता चालू असलेल्या प्रत्येक प्रोसेसचा स्पीड दाखवतं.

एडिटरचा ड्युअल बूट असेल, म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील, तर अजून एक घोटाळा असतो, लिनक्समध्ये वापरलेलं विंडोजला कळत नाही आणि उलटं पण. म्हणून मी पण म्हणेन की शेवटी राउटरवरच मोजा, कॉम्प्युटरवरचं मोजमाप हे कॉम्प्युटरपुरतं.

लई_स्पीड:
शाहूपुरी भाऊ, अटी बघितल्या, ३३०० लिहिलंय खरंच. मी एवढा वापरत नाही पण कळलं ते बरं झालं. एक विचारू का, विंडोजमध्ये अपडेटवाला डेटा दुसऱ्या लोकांना पण वाटतो म्हणतात ते खरंय का?

शाहूपुरी_सर्व्हर:
खरं आहे, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन म्हणतात त्याला. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, तिथं आत सापडेल. दुसऱ्या कॉम्प्युटरना पाठवायचं का आणि पाठवायचं तर फक्त घरातल्या नेटवर्कवरच्या का इंटरनेटवरच्या पण, हे तिथं निवडता येतं. फक्त घरातल्यांना ठेव. त्याच पानावर अॅक्टिव्हिटी मॉनिटर आहे, त्यात या महिन्यात तुझ्या कॉम्प्युटरनं किती वर पाठवलं ते दिसतं. आत्ता या क्षणी कुठला प्रोग्रॅम कुठं जोडलाय ते बघायचं असेल तर रिसोर्स मॉनिटर उघड, नेटवर्कच्या टॅबवर पत्त्यासकट दिसतं.

पेठेतला_एडिटर:
मंडळी, मोजलं. डब्ब्याच्या पेजवर वॅनचे आकडे होते. रात्री सगळं बंद करून, आई-वडलांचे फोन वायफायवरून काढून, फक्त कॅमेरे चालू ठेवले तर तासाला ९१० एमबी सेंट वाढले. कॅमेऱ्यांची पिन काढल्यावर पुढच्या तासात १० एमबी पण नाहीत. वडील शेजारी बसून बघत होते, त्यांनी स्वतः वहीत आकडे लिहिलेत, त्यामुळं पटवायची वेळच आली नाही.

बसवणाऱ्याला फोन केला. त्यानं क्लाउडवर अखंड रेकॉर्डिंगचा प्लॅन चालू केला होता, कॅमेऱ्यात मेमरी कार्ड पण आहे आणि ते रिकामं पडलंय. आता असं केलंय की अखंड रेकॉर्डिंग कार्डावर, आणि क्लाउडवर फक्त कोण हललं-बोललं तर तेवढाच तुकडा. दुकान रात्री बंद असतं त्यामुळं रात्री जवळजवळ काहीच जात नाही. कळंबा ताई तुमचे खरंच मनापासून आभार, तुम्ही विचारलं नसतं तर मी कॅमेऱ्यापर्यंत पोचलोच नसतो.

आता उरलेले १८४ जीबी म्हणजे टीव्ही आणि फोन. टीव्हीवर वडील शाहू स्टेडियमच्या फुटबॉलच्या मॅचा आणि क्रिकेट दोन्ही बघतात, एचडीला तासाला तीन जीबीपर्यंत जातात म्हणजे दिवसाला तीन तास धरले तरी बसतंय. त्याला मी हात लावणार नाही.

कळंबा_ताई:
छान झालं दादा. फक्त कार्डाबद्दल एक, कॅमेरा चोरानं काढून नेला तर कार्ड पण त्याच्याबरोबर जातं. म्हणून क्लाउडचं पूर्ण बंद करू नका, हललं की पाठव एवढं राहू दे, जसं केलंय तसंच. आणि रस्त्याकडं तोंड असलेला कॅमेरा असेल तर त्याचा हालचाल टिपायचा भाग आखून द्या, नाहीतर प्रत्येक गाडीला तुकडा जाईल आणि परत दिवसभर अपलोड चालू.

जुना_नेटवाला:
एडिटर साहेब, तुमचं निस्तरलं पण कुणाचं खरंच नेटवाल्याच्या बाजूनं चुकत असेल तर सांगून ठेवतो. नुसतं फोनवर भांडू नका, तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा नंबर) घ्या, आणि उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीचं अपील प्राधिकरण असतं तिकडं जा, त्याला फी नाही. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या २०१२ च्या नियमांत ही दोन पायऱ्यांची सोय आहे. शिवाय मर्यादा किती, ती संपल्यावर स्पीड किती, हे आधी स्पष्ट सांगणं आणि डेटा संपत आला की ग्राहकाला कळवणं हे पण ट्रायनं नेटवाल्यांना २०१६ साली सांगितलंय. तुम्हाला मेसेज आला होता का? आला नसेल तर रजिस्टर्ड मोबाईल नंबर कुठला आहे ते बघा, बऱ्याच घरात तो जुना, बंद पडलेला असतो आणि मेसेज तिकडंच जातात.

पेठेतला_एडिटर:
बघितलं, वडलांचा जुना नंबर आहे, दोन वर्षांपूर्वी बंद केलेला. आजच बदलून घेतो.

गडहिंग्लज_गल्ली:
मी जरा वेगळं विचारते, इथंच विचारू का? माझ्याकडं फायबर नाही, फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवते, दिवसाला २ जीबी मिळतात, स्पर्धा परीक्षेचे क्लास ऑनलाइन आहेत. कधीकधी क्लास चालू व्हायच्या आधीच डेटा संपलेला असतो. लॅपटॉप चालू करून मी फक्त चहा करायला जाते आणि येऊन बघते तर गेलेला. हे कसं थांबवायचं?

विद्यापीठ_रोड_मिंट:
विचारा की, हाच विषय आहे. लॅपटॉप विंडोज असेल तर वायफायच्या यादीत तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शन चालू करा. मग विंडोज मोठे अपडेट आपणहून उतरवत नाही, वनड्राइव्ह सिंक थांबवतं. २ जीबी म्हणजे किती थोडे बघा, ४० एमबीपीएसचा स्पीड मिळाला तर एखादं अपडेट सात मिनिटांच्या आत सगळे संपवतं, चहा उकळेपर्यंत झालंच. यूएसबी केबलनं फोन जोडत असाल तर ते विंडोजला इथरनेट म्हणून दिसतं, तिथं मीटर्ड वेगळं चालू करावं लागतं, वायफायचं लागू होत नाही. आणि फोनचं नाव बदललं किंवा नवीन फोन घेतला तर ते नवीन नेटवर्क धरलं जातं, परत चालू करा.

मोजायचं फोनवर. अँड्रॉइडच्या डेटा वापराच्या यादीत हॉटस्पॉट आणि टेदरिंगची वेगळी ओळ असते, तो आकडा कंपनीच्या आकड्याच्या सगळ्यात जवळ जातो.

शाहूपुरी_सर्व्हर:
आणि क्लासचा व्हिडिओ ४८० पी वर ठेवा, फळ्यावरचं अक्षर त्यात वाचता येतं. ऑटोवर ठेवलं की चांगला स्पीड मिळाला की ते आपणहून एचडीवर जातं आणि दीड-दोन तासांत दिवसाचे २ जीबी संपू शकतात. ब्राउझरमध्ये क्लासच्या आधी बाकीचे टॅब बंद करा, बातम्यांच्या साइटवर व्हिडिओ आपोआप चालू होतात ते पण डेटा खातात. अपडेट मात्र कायमचे बंद ठेवू नका, कुणाकडं फायबर असेल तिथं आठवड्यातून एकदा लॅपटॉप नेऊन उतरवून घ्या.

गडहिंग्लज_गल्ली:
मीटर्ड चालू केलं. फोनवर हॉटस्पॉटची ओळ सापडली, काल क्लासच्या आधीच १.३ जीबी गेलेत. मावशीकडं वायफाय आहे, रविवारी तिकडं जाऊन अपडेट करते.